मेणाचा नसलेला क्रूस

एनेझ वेन,
४ फेब्रुवारी १९५८

चि. लोमिग यास,
गाईदताईचे अ. उ. आ.

तुझं नाताळचं पत्र परवा पोचलं. वाऱ्यामुळे बोटच येत नव्हती, म्हणून तुझ्या शुभेच्छा शिळ्या झाल्या, पण चालतील. तुझ्या बायकोला, जेनोवेफाला सांग, तिने पाठवलेली लोकर छान आहे आणि रंग भडक आहे.

बातमी आधीच सांगून टाकते, नाहीतर तू पत्र खालून वर वाचायला लागशील, ती तुझी लहानपणची खोड. मी बास्तियानकडे खारवलेलं डुकराचं मांस घेऊन गेले होते. त्याने ते खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, तर पुन्हा मागून घेतलं. तेव्हा ईस्टर झाला की लग्न. आपल्या बेटावर बाईनेच विचारायचं आणि पुरुषाने ताट चाटून होकार द्यायचा, हे ब्रेस्तच्या तुझ्या शिकलेल्या मित्रांना सांगू नकोस. हसतील मेले.

तुदालला जाऊन चौदा वर्षं झाली. माझ्या नवऱ्याला मी विसरले असं कुणी म्हणू नये. पण मी छत्तिसाची आहे रे, आणि बास्तियान बरा माणूस आहे. खतासाठी समुद्रतळावरचं मेर्ल काढायची बोट स्वतःची आहे, पीत नाही, आणि सासूबाईंनाही सांभाळायला तयार आहे.

पण घोडं अडलंय. ईस्टरनंतर बिशप येणार म्हणून आमच्या नव्या पाद्रीबाबांनी देवळाच्या भिंतीतली पेटी उघडली. बुडालेल्यांचे मेणाचे क्रूस त्या पेटीत असतात, आणि बिशप आले की ते स्मशानातल्या तळघरात नेऊन ठेवायचे असतात, हे तुला ठाऊकच आहे. तुदालच्या प्रोएल्लाला तू होतास. देह नाही म्हणून टेबलावर पांढरं कापड, त्यावर क्रूस, आणि रात्रभर त्याच्याभोवती रडणाऱ्या बायका. जर्मनांच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात मेण कुठलं? देवळातसुद्धा माशाच्या तेलाचा दिवा जळत होता. म्हणून सासूबाईंनी किनाऱ्यावरून मेर्लची एक फांदी आणली, बोटाच्या पेराएवढी, हुबेहूब क्रूस. पांढरी फटफटीत होती. सगळ्यांनी चालवून घेतलं.

बाकीचे क्रूस जसेच्या तसे निघाले, फक्त पिवळे पडलेले. तुदालचा निघाला तो जांभळट गुलाबी, अंगठ्याएवढा जाड, आणि चारी टोकांना नवे कोंब. कोरड्या पेटीत, लोमिग! पाद्रीबाबांनी तो चिमट्याने उचलून माझ्या हाती दिला आणि म्हणाले की ही वस्तू देवळात राहणार नाही, मेणाचा क्रूस करून प्रोएल्ला नव्याने होत नाही तोवर मी कागदावर विधवा असेन, देवळात नाही. लग्नाची घोषणा ते वाचणार नाहीत. आणि सासूबाई म्हणतात की त्यांच्या घरात मुलाला दुसऱ्यांदा पुरायचं नाही.

बिस्किटांच्या डब्यात घालून तो क्रूस तुझ्याकडे पाठवते आहे. तुमच्या प्रयोगशाळेत दिवसभर मेर्लच तर खरवडत बसता. हे काय आहे ते सांग. काही नाही, असं सांगितलंस तर मला जास्त आवडेल.

इथे चांगली धिरडी घातली होती मेणबत्त्यांच्या सणाला, तुझ्या वाटणीची बास्तियानने खाल्ली. तब्येतीला जप, आणि थोरल्या बहिणीची आठवण पत्र यायच्या आधीही येऊ दे.

तुझी
गाईदताई


ब्रेस्त,
२० फेब्रुवारी १९५८

ती. गाईदताईस,
लोमिगचा शि. सा. न. वि. वि.

सर्वांत आधी अभिनंदन. जेनोवेफा म्हणते की एवढं मांस खाणारा माणूस परवडेल का ते आधी बघ. मी म्हणतो की तू त्याच्याकडे गेलीस हेच त्याचं नशीब.

आता तुझा डबा. मला वाटलं होतं दोन ओळींत उरकेल. हे झुडूप नव्हे आणि पोवळंही नव्हे, शेवाळ आहे. ते स्वतःच्या अंगात चुन्याचा सांगाडा बांधतं, वर्षाला एक थर. त्याला खारं पाणी लागतं आणि ऊन लागतं. तुमच्या देवळाच्या भिंतीत या दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणून ते वाढायला नको होतं. ते वाढलंय. एका हाताचं टोक मी आमच्या बारीक करवतीने कापलं, माफ कर. थर मोजले. तुदाल गेला तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही.

या चुन्यात थोडं मॅग्नेशियम असतं. पाणी गार असलं तर कमी, कोमट असलं तर जास्त. म्हणून आपल्या समुद्रातल्या मेर्लचा थर पाहिला की उन्हाळा कुठे संपला, हिवाळा कुठे लागला हे कळतं. शेवाळ मेलं की पांढरं पडतं, आणि मग हजारो वर्षांत हे मॅग्नेशियम हळूहळू निघून जातं. घरातले जुने बिऱ्हाडकरू एकेक करून जावेत, नवे यावेत आणि भिंती मात्र त्याच राहाव्यात, तसं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

तुझ्या क्रूसातून मॅग्नेशियम गेलेलं नाही. उलट इतकं आहे की मी पहिल्यांदा माझाच हिशेब चुकला असं धरलं. त्यात उन्हाळा नाही आणि हिवाळाही नाही. पहिल्यापासून शेवटच्या थरापर्यंत एकच ऊब. आमचा तक्ता समुद्राच्या पाण्यापुरता आहे, तो संपतो त्याच्या बऱ्याच पुढे मला रेघ ओढावी लागली. ती कुठे टेकली सांगू? काखेत तापमापक धरल्यावर धडधाकट माणसाचा जो आकडा येतो, तिथे.

ताई, सरळ विचारतो. सासूबाईंनी तो क्रूस इतकी वर्षं चोळीत तर बाळगला नव्हता ना? आईचं मन आहे, मी हसणार नाही. तसं असेल तर उबेचा तरी उलगडा होईल. वाढीचा होणार नाही, पण अर्धा उलगडा मिळाला तरी मला झोप लागेल.

क्रूस अजून माझ्याजवळ आहे. टेबलावर ठेवायचो, आता कपाटात ठेवतो.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
लोमिग


एनेझ वेन,
१ मार्च १९५८

चि. लोमिग यास अ. उ. आ.

चोळीत कसा बाळगतील? पेटीची किल्ली पहिल्या दिवसापासून पाद्रीबाबांकडे, आधी जुन्यांच्या आणि मग नव्यांच्या. सासूबाईंनी त्या भिंतीला हातसुद्धा लावलेला नाही.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. मॅग्नेशियमचं गाळलं, उबेचं वाचलं. त्या बटाटे सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या की लोमिगला एवढं यंत्र कशाला लागलं, त्यांना विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मग सगळं सांगितलं. प्रोएल्लाच्या दिवशी त्यांना किनाऱ्यावर पांढऱ्या मेर्लचा ढीग दिसत होता, पण मेलेलं काही उचलायला त्यांचा हात होईना. म्हणून ओहोटीत कमरेएवढ्या पाण्यात गेल्या, जानेवारीत, आणि तळातलं जिवंत, गुलाबी मेर्ल उपटून आणलं. कुणाला कळू नये म्हणून चुन्यात घोळवलं. ते पांढरेपण चुन्याचं होतं रे. आम्ही सगळ्या ज्याच्यापुढे रडलो ते जिवंत होतं.

का केलं असं विचारलं, तर म्हणाल्या की जो घरी आलाच नाही त्याला कसं पुरायचं. पाण्यात उभं राहून त्यांनी मुलाला सांगितलं होतं की हे घट्ट धर, मी बोलावेपर्यंत सोडू नकोस. आणि तो सोडत नाहीये, बस. लहानपणापासून तसाच आज्ञाधारक, असंही वर म्हणाल्या. तुला माहीत आहे, बोटीच्या रहाटात करंगळीचं पेर गेलं तेव्हाही म्हातारीने रडू नकोस म्हटलं म्हणून रडला नव्हता.

मला त्यांचा राग आला. इतका आला की मी बाहेर जाऊन मेंढ्यांजवळ उभी राहिले. चौदा वर्षं त्या मला सून म्हणून जवळ बसवत होत्या, माझ्याबरोबर प्रार्थना म्हणत होत्या, आणि आतून त्यांनी त्याला बांधून ठेवलं होतं. मलाही. आणि मग रागाच्या मागून दुसरंच काही आलं. तो कुठेतरी उबदार आहे, असं वाटून मला आनंद झाला. क्षणभरच झाला, पण झाला. बास्तियानला हे सांगू नकोस.

मला इतकंच सांग की हे शेवाळ मरतं कशाने.

उत्तराला उशीर करू नकोस, माझा जीव टांगणीला लागलाय.

गाईदताई


ब्रेस्त,
८ मार्च १९५८

ती. गाईदताईस शि. सा. न. वि. वि.

गोड्या पाण्याने. विहिरीचं पाणी वाडग्यात घेऊन त्यात बुडवून ठेवलं की झालं. दुसऱ्या दिवशी रंग उतरू लागतो. आम्ही रोज करतो, कधी मनात काही येत नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत एकटा थांबलो आणि वाडगं भरलं. म्हटलं, ताईच्या डोक्याला ताप नको, आपणच करून टाकू, आणि आपोआप मेलं असं कळवू. क्रूस हातात घेतला. हात पुढे गेला नाही. विज्ञानाच्या नावाने जन्म काढलेला मी माणूस, मला त्या चिमुकल्या दगडाची माफी मागावीशी वाटली. मी मागितली. जेनोवेफाला माहीत नाही.

म्हणून जसा होता तसा परत पाठवतो आहे. कापलेल्या टोकाची खूण तेवढी दिसेल, आमच्या करवतीचा दाता एका जागी तुटका आहे, त्याची एक तिरपी रेघ उठते. तिथेही बारीक कोंब धरू लागलाय. काय करावं ते मी सांगणार नाही. नवरा तुझा होता. तू जे करशील ते बरोबरच असेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्याशी भांडून झालं असेल तर त्यांच्याजवळ बस.

इकडची काळजी नको, तिकडची मला लागलीच आहे.

लोमिग


एनेझ वेन,
२४ मार्च १९५८

चि. लोमिग यास अ. उ. आ.

विहिरीचं पाणी काढलं. वाडगं टेबलावर ठेवलं. शेजारी क्रूस ठेवला. सासूबाई समोर बसल्या. काही बोलल्या असत्या, ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मी तो टाकला असता पाण्यात. त्या नुसत्या वाडग्याकडे बघत होत्या, मी लोणच्याची बरणी बघावी तसं, साधं. तेव्हा मला कळलं की या बाईने चौदा वर्षं रोज हेच होणार म्हणून वाट पाहिली आहे.

मी वाडगं ओतून टाकलं. म्हटलं, आई, मी त्याला मारणार नाही. पण तुम्ही जे जिथून आणलंत तिथे परत ठेवा. समुद्राची वस्तू आपण उचलून आणली आणि तिला मेलेली म्हटलं, चूक ती झाली. त्याला सोडायला सांगायचं की नाही ते तुमच्या तोंडात आहे, माझ्या नाही.

वर्षातली मोठी ओहोटी परवा होती. तळ उघडा पडला होता, गुलाबी, आणि पायाखाली करकर वाजत होता. म्हातारीने परकर वर खोचले आणि माझा हात न धरता चालत गेली. जागा तिला पाठ होती. वाकून तिने क्रूस तळावर ठेवला आणि हात वर घेतला तेव्हा कुठला आपला आणि कुठला समुद्राचा, मला ओळखता आलं नाही. ती पाण्याला काहीतरी म्हणाली. मी ऐकायचं टाळलं. ते त्या दोघांचं होतं.

परत येताना पाणी आमच्या मागे मागेच चढत होतं. वाटेत मला म्हणाल्या की मेणाची सोय कर, प्रोएल्ला घरात होऊ दे. मग घरापर्यंत रडल्या. मीही रडले. शेजारणीला वाटलं आमचं भांडण झालं.

पाद्रीबाबांनी प्रोएल्लाला ईस्टरनंतरचा दिवस दिला आहे. तू येशील ना? तुझ्या आवडीचा तो दूध-अंड्यांचा ‘फार’ केक भाजीन, मनुका जास्त घालून.

आठवणीत ठेव, आणि शक्य झालं तर बोटीतही पाय ठेव.

गाईदताई


एनेझ वेन,
१२ एप्रिल १९५८

चि. लोमिग यास अ. उ. आ.

हे पत्र आणि सोबतचं गाठोडं बास्तियान स्वतः तुझ्या हातात देईल. मधे कुणाकडे देणार नाही असं मी त्याच्याकडून वदवून घेतलंय.

प्रोएल्ला झालं नाही. आदल्याच दिवशी बास्तियान मेर्ल काढायला गेला होता. जाळं वर आलं तेव्हा ढिगावर एक मूठ होती. माणसाच्या हाताएवढी, दगडाची, गुलाबी पापुद्रा धरलेली, मनगटापाशी संपणारी. बोटं घट्ट आवळलेली. त्याने ती स्वतःच्या स्वेटरात गुंडाळली, कुणाला दाखवली नाही, थेट माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. काही खाणार का म्हटलं तर नको म्हणाला. बास्तियान नको म्हणाला, यावरून समज.

करंगळी आखूड आहे. वरचं पेर नाही.

सासूबाईंनी मूठ मांडीवर घेतली. बोटं सोडवायचा प्रयत्न केला, हळूच, लहान मुलाच्या मुठीतून बटण काढतात तसा. सुटली नाहीत. सुटायला जागाच नाही, सगळा एक दगड आहे. मी हात लावला. चुलीपासून लांब होती, खिडकी उघडी होती, आणि ती कोमट होती. हे मी घाबरून लिहीत नाही. खरोखर कोमट होती.

पाद्रीबाबांनाही मग सांगावं लागलं. ते म्हणतात की हे हाड असेल तर तुदाल सापडला, मग प्रोएल्ला कशाला, सरळ पुरायचं, आणि मी देवळातही विधवा. समुद्राने गंमत म्हणून बनवलेला दगड असेल तर तो परत समुद्रात टाकायचा. काय ते तुझं यंत्र सांगेल, असं मी त्यांना म्हटलं आहे. माझं लग्न आणि त्याची माती, दोन्ही तुझ्या टेबलावर येत आहे.

लवकर कळव. आणि गाठोडं उघडताना एकटा असू नकोस.

गाईदताई


ब्रेस्त,
१७ एप्रिल १९५८

ती. गाईदताईस शि. सा. न. वि. वि.

बास्तियान आणि मी असे दोघे होतो. गाठोडं त्याने बोटीत क्षणभरही मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं, ताई, त्यावर माझा विश्वास आहे. गाठी तुझ्याच होत्या, त्याने सोडल्या.

तू मूठ लिहिली आहेस. बास्तियाननेही मूठच पाहिली होती. स्वेटरातून निघाला तो उघडा तळवा.

उताणा. बोटं पसरलेली, सैल, झोपलेल्या माणसाची असतात तशी. करंगळी आखूड. दगडाला कुठे तडा नाही, कुठे कपचा उडालेला नाही, मी भिंगाखाली पेरन् पेर पाहिलं. बास्तियान खुर्चीत बसला आणि त्याने पाणी मागितलं.

तळव्याच्या मधोमध क्रूसाच्या आकाराची खाच आहे, आणि त्या खाचेत क्रूस होता. आपलाच. त्याचं एक टोक कापलेलं आहे आणि त्यावर आमच्या तुटक्या दात्याची तिरपी रेघ आहे. तो पांढरा पडलाय.

मी दोन्ही तपासले. हातात हाडाचा कणही उरलेला नाही. आकार तोच, रेषा त्याच, नखंसुद्धा, पण आतलं सगळं बदलून चुना झालंय. असं व्हायला हजारो वर्षं लागतात. क्रूसाचंही तेच. दोन महिन्यांपूर्वी ज्यात मॅग्नेशियम मावत नव्हतं त्यात आज ते जवळपास नाही. जे कणाकणाने, युगं घेऊन निघून जायचं, ते एका भरतीत निघून गेलं. माझ्या जुन्या नोंदी कुणाला दाखवल्या तर मला रजेवर पाठवतील, म्हणून मी त्या दाखवणार नाही.

दोन्हींवर हात ठेवून बराच वेळ बसलो. गार आहेत ताई. साधे, दगडासारखे गार.

पाद्रीबाबांना सांग की ब्रेस्तच्या प्रयोगशाळेने तपासून हे तुदालचं आहे असं कळवलं आहे. यंत्राने तसं सांगितलेलं नाही. मी सांगतो आहे. खोटं असेल तर पाप माझं, पण ते खोटं नाही. त्याला घट्ट धर म्हणून सांगितलं होतं, त्याने धरलं. त्या ओहोटीत सासूबाईंनी सोड म्हणून सांगितलं असणार, त्याने सोडलं. तू लग्न कर.

बास्तियानबरोबर मीही येतो आहे. त्याला एकट्याने हे परत आणायला लावायचं माझ्या जिवावर आलं.

येतोच आहे, म्हणून आशीर्वाद समोरासमोर मागेन.

लोमिग


एनेझ वेन,
१२ मे १९५८

चि. लोमिग यास अ. उ. आ.

तू सुखरूप पोचलास हे बास्तियानच्या माणसांकडून कळलं. लग्नात तू नाचलास त्याची अजून चर्चा आहे, आणि ती चांगली नाही.

तू पुरायच्या वेळी होतास, पण आदल्या रात्री बोट लागून झोपला होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. पाद्रीबाबा नको म्हणत होते तरी सासूबाईंनी प्रोएल्ला केलंच. मेणबत्त्यांच्या सणाची मेणबत्ती वितळवून त्यांनी स्वतःच्या हाताने क्रूस केला, आणि पांढऱ्या कापडावर तुदालचा हात ठेवून त्याच्या तळव्यावर तो मेणाचा क्रूस ठेवला. बायका रडत होत्या, मीही. त्या रडल्या नाहीत. रात्रभर खुर्ची पुढे ओढून त्या मेणाकडे बघत बसल्या. मला वाटलं प्रार्थना म्हणतायत. पहाटे पहाटे कळलं की मेण मऊ पडतंय का ते बघतायत.

उजाडल्यावर त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. कडक होतं. पुन्हा दाबून पाहिलं. मग मला म्हणाल्या की गाईद, चूल पेटव, बास्तियानला न्याहारीला बोलाव, उपाशी असेल तो.

लोकर पुरली. स्वेटर झाला की पाठवते, भडक आहे, पण ऊब आहे. घालत जा.

तुझी
गाईदताई